पहिले वर्ष यजमानाच्या खर्चाने

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीआधी माझ्या एका विद्यार्थ्याने मला मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. दोन आठवडे परदेशात राहायचे, तिथल्या अनाथालयातील मुलांना इंग्रजी शिकवायचे, शेवटचे तीन दिवस अभयारण्य पाहायचे आणि परतताना सेवेचे प्रमाणपत्र घेऊन यायचे, असा तो कार्यक्रम होता. विमानभाडे धरून त्याचे जे शुल्क होते, तेवढ्यात आमच्या मिरजेत एखाद्या मुलीचे नर्सिंगचे एक वर्ष सहज निघाले असते. "सर, बायोडेटात चांगले दिसेल ना?" एवढेच त्याला विचारायचे होते. मी त्याला जाऊ नकोस म्हणालो. मात्र याच मास्तराने स्वतःच्या भाचीला दोन वर्षांसाठी टांझानियाला जा म्हणून आग्रह केला होता, हे साऱ्या वर्गाला ठाऊक होते. तेव्हा भाचीला एक न्याय आणि विद्यार्थ्याला दुसरा का, हे त्याने तोंडाने विचारले नाही तरी त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. त्या दिवशी मी त्याला नीट उत्तर दिले नाही, ते इथे देण्याचा प्रयत्न करतो.

माझे म्हणणे असे की, परक्या देशात सेवेला गेलेला माणूस पहिले वर्षभर सेवा देत नसतो, तो ती घेत असतो. त्याला भाषा येत नाही, रस्ता ठाऊक नसतो, कोणाला काय म्हणून हाक मारायची हे कळत नाही, आणि त्याचे हे सारे अज्ञान सांभाळण्याचा खर्च तिथली माणसे आपल्या वेळेतून, आपल्या ताटातून आणि आपल्या कामाचा खोळंबा करून भरत असतात. हे कर्ज फेडायला दुसरे वर्ष लागते. म्हणून दोन वर्षांहून कमी मुदतीसाठी कोणी सेवेच्या नावाने जाऊ नये. आणि जो दोन वर्षांसाठी जायला तयार आहे, त्याची इथली नोकरी आणि इथला कर्जाचा हप्ता यांची काळजी आपल्या जिल्ह्यातल्या संस्थांनी घ्यावी. या दोन गोष्टी मी मुद्दाम एकत्र मांडतो आहे, कारण दुसरी केली नाही तर पहिली अट केवळ सुखवस्तू घरांतल्या मुलांनाच पाळता येईल.

यजमानाचा खर्च ही कल्पना मला परदेशी पाहून सुचली नाही. ती आम्ही सांगलीकरांनी स्वतः भोगलेली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, यावरून काय झाले असेल याची कल्पना बाहेरच्या वाचकालाही यावी. पाणी उतरल्यावर पलूस तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात मी दहा-बारा दिवस होतो. घराघरांतून भिजून आंबलेल्या ज्वारीचा आणि सोयाबीनचा वास येत होता आणि उंबऱ्याच्या आत गुडघाभर गाळ होता. राज्यभरातून मदत येत होती. ती प्रेमाने येत होती यात शंका नाही, आणि तिच्याविषयी कृतघ्नपणे लिहिण्याची माझी इच्छा नाही. पण शाळेच्या व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा जो ढीग पडला होता, त्यात लोकरीचे स्वेटर होते, लग्नातले शेरवानी होते, उंच टाचांचे बूट होते, आणि रात्रीच्या पावसात तो सगळा ढीग पुन्हा भिजला. तो निवडायला, वाळत घालायला आणि उरलेला जाळायला गावातली दोन धडधाकट माणसे आठवडाभर अडकून पडली. टेम्पोतून आलेली मंडळी तासाभरात कापडी फलक धरून छायाचित्र काढून पुढच्या गावाला गेली. त्यांच्यातल्या एका तरुणाने एका म्हातारीच्या हातात साडी ठेवली तेव्हा ती म्हणाली, "कापडं ठेवू कुठं बाबा? खोरं असलं तर दे, अन् दोन दिस ऱ्हा हितंच."

त्याच गावात मराठवाड्यातून सात-आठ जण आले होते. त्यांच्याकडे फलक नव्हता. ते ग्रामसेवकाला भेटले आणि मारुतीच्या देवळात पथारी टाकून राहिले. पहिले दोन दिवस त्यांचा काहीही उपयोग झाला नाही, हेही सांगितले पाहिजे. कोणाच्या घराची भिंत भिजून फुगली आहे, कुठल्या गल्लीत गटार कुठून वाहते, मेलेले जनावर कुठे पुरायचे, यातले काही त्यांना माहीत नव्हते. त्यामुळे गावाने त्यांना जेवण दिले, अंथरूण दिले आणि वाट दाखवायला एक माणूस दिला. म्हणजे दोन दिवस खर्च आमचाच झाला. तिसऱ्या दिवसापासून ते कामाला लागले आणि बाराव्या दिवशी गेले तेव्हा तेरा-चौदा घरांतला गाळ निघालेला होता. त्यांचा आणि टेम्पोवाल्यांचा हेतू सारखाच चांगला होता. त्यांनी आमचा खर्च फेडला, टेम्पोवाल्यांनी तो आमच्यावर टाकून गाडी वळवली, एवढाच काय तो फरक. शिवाय हे मराठी बोलणारे, ज्वारीची भाकरी खाणारे लोक होते, तरी त्यांना रुळायला दोन दिवस लागले. भाषा, अन्न, हवा, रोग आणि देव हे सगळेच वेगळे असेल तिथे किती दिवस लागतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

माझ्या भाचीने तो करून पाहिला. ती मूळची तासगावची. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर तिने चार वर्षे मिरजेत वॉर्डात काम केले होते. टांझानियातल्या एका लहान रुग्णालयाने एका संस्थेमार्फत प्रसूतिकक्षासाठी परिचारिका मागितली होती आणि तिची निवड झाली. पासपोर्ट, पोलिसांचा दाखला, लसी, प्रमाणपत्रांवरचे शिक्के ही कामे कटकटीची खरी, पण रांगेत उभे राहण्याची तयारी असलेल्या कोणालाही जमतात. त्यातली एकच बाब इथे सांगण्यासारखी आहे. पर्यटक म्हणून मिळालेल्या व्हिसावर तिथे स्वयंसेवाही करता येत नाही; स्वयंसेवक, विद्यार्थी, संशोधक अशांसाठी तिथे 'क' वर्गाचा वेगळा निवास परवाना असतो. आणि ती परिचारिका म्हणून गेलेली असल्याने तिथल्या परिचारिका परिषदेची नोंदणी होईपर्यंत तिला रुग्णाला हात लावता येणार नव्हता. हे योग्यच आहे. मिरजेत कोणी परदेशी तरुणी येऊन नोंदणीशिवाय बाळंतपण करू लागली तर आपण तिला करू देऊ का? पण दोन आठवड्यांच्या जाहिरातींत नोंदणीचा आणि परवान्याचा शब्दही नसतो, कारण दोन आठवड्यांत त्यातले काहीच होऊ शकत नाही.

पहिल्याच आठवड्यात वॉर्डाच्या मुख्य परिचारिकेने तिला "उद्या दोन वाजता ये" असे सांगितले. ही दुपारी दोनला पोचली तेव्हा वॉर्डाची फेरी होऊन सहा तास झाले होते. स्वाहिली बोलणारे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे सकाळी सातला त्यांचा एक वाजतो आणि आठला दोन. आपल्याकडे पूर्वी घटका सूर्योदयापासूनच मोजत असत. तेव्हा तिच्या पणजीला ही गोष्ट तिच्यापेक्षा लवकर समजली असती, असे मी तिला फोनवर म्हणालो आणि तिला ते मुळीच आवडले नाही. ती रडकुंडीला आलेली होती. नोंदणी होईपर्यंतचे साडेतीन महिने तिला भांडाराच्या खोलीत हातमोजे, कापसाचे बोळे आणि सलाइनच्या बाटल्या मोजायला बसवले होते. "मामा, इथे मला कोणी कामच देत नाही. मी काय नग मोजायला आले का?" असे ती दर रविवारी विचारायची. सांगलीहून नेलेला भडंग संपला होता, कांदा-लसणीच्या मसाल्याची पिशवी ती पुरवून पुरवून वापरत होती आणि मक्याच्या पिठाची उगाली तिच्या घशाखाली उतरत नव्हती.

पण त्या मोजणीचे काय झाले ते पाहा. रुग्णालयात काय आहे आणि काय नाही हे तिला कळले. हातमोजे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात संपतात, म्हणून चौथ्या आठवड्यात वॉर्डात जे चालते ते निष्काळजीपणाने चालत नाही, हे तिला कोणी न सांगता समजले. ती आल्या आल्या वॉर्डात गेली असती तर मिरजेच्या शिस्तीने सगळ्यांना स्वच्छतेचे धडे देत सुटली असती, आणि मनातल्या मनात त्यांना हलगर्जी ठरवून मोकळी झाली असती. भांडाराच्या दारात दिवसभर बसल्याने तिची भाषाही सुधारली, कारण प्रत्येक जण काहीतरी मागायला तिथेच यायचा. गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', विम्याला 'बीमा', लाखाला 'लाकी' म्हणतात हे कळल्यावर तिला जरा घरच्यासारखे वाटू लागले. हे शब्द हिंदी महासागर ओलांडून तिच्या कितीतरी आधी तिथे पोचले होते. वडीलधाऱ्यांना भेटल्यावर 'शिकामो' म्हणायचे, आणि त्यांनी 'मराहाबा' म्हणून ते स्वीकारायचे, अशी तिथली रीत आहे. 'शिकामो'चा मूळ अर्थ 'मी तुमचे पाय धरते' असा आहे. हे तिला चौथ्या महिन्यात उमगले आणि तोवर ती मुख्य परिचारिकेला रोज 'हॅलो' म्हणत आली होती. तासगावच्या वाड्यात एखाद्या सुनेने चार महिने सासूला 'हॅलो' म्हटले असते तर काय झाले असते, याचा विचार करून ती खजील झाली. त्या बाईंनी मात्र चार महिन्यांत एकदाही बोलून दाखवले नव्हते. यजमानाच्या खर्चात मी हेही धरतो.

दुसऱ्या वर्षी तिने काय केले, ते वाढवून सांगण्यात अर्थ नाही. पाळी बदलताना कुठल्या खाटेवरच्या बाईकडे विशेष लक्ष द्यायचे, हे तोंडी सांगण्याऐवजी फळ्यावर लिहिण्याची पद्धत तिने आणि दोन स्थानिक सुईणींनी मिळून बसवली. फळा स्वाहिलीतच लिहायचा असे ठरले. बाकी सगळा वेळ तिने इतर परिचारिकांसारखीच पाळी केली. ती परत आल्यावर सहा महिन्यांनी तो फळा भिंतीवर आहे असे कळले, आता आहे की नाही कोणास ठाऊक. हा हिशेब असाच कोरडा मांडला पाहिजे. 'आपण तिथे जाऊन त्यांचे भले करतो' हे वाक्य मला दरवेळी खटकते. तिने तिथे एक वर्षभराची परिचर्या दिली आणि त्याआधी त्यांच्याकडून एक वर्षाचे शिक्षण घेतले, म्हणजे व्यवहार साधारण बरोबरीत सुटला, आणि बरोबरीत सुटला म्हणूनच तो योग्य झाला.

ज्यांनी हे काम मोठ्या प्रमाणावर केले आहे, तेही अनुभवाने याच मुदतीवर आलेले दिसतात. अमेरिकेची पीस कोअर १९६१ मध्ये केनेडी यांच्या आदेशाने सुरू झाली. तिची मुदत सत्तावीस महिन्यांची, त्यातले पहिले तीन महिने भाषा आणि चालीरीती शिकण्याचे. जपानने १९६५ पासून आपले तरुण बाहेर पाठवायला सुरुवात केली, तीही दोन वर्षांसाठी. ब्रिटनमधली व्हीएसओ ही स्वयंसेवक पाठवणारी संस्था १९५८ मध्ये निघाली तेव्हा शाळा नुकतीच संपवलेली अठरा वर्षांची मुले पाठवत असे. पुढे तिला आपला मार्ग बदलून शिकलेली, कामाचा अनुभव असलेली माणसे पाठवावी लागली. कारण उघड आहे. उत्साही मुलगा सांभाळणे हे यजमानालाच एक काम होऊन बसते. पीस कोअरचे लोक १९६१ ते १९७६ या काळात भारतातही आले. त्यांत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर होत्या. त्या सत्तरीकडे झुकलेल्या असताना विक्रोळीत परिचारिका म्हणून राहून गेल्या. तेव्हा ही काही केवळ विशीतल्यांची गोष्ट नव्हे, हे आमच्या निवृत्त शिक्षकांनी आणि परिचारिकांनी ध्यानात घ्यावे.

मराठी माणसाला यासाठी अमेरिकेकडे पाहायची गरजही नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. पथकातले इतर जण पुढे परतले, कोटणीस राहिले. आपण त्यांच्या हौतात्म्याविषयी बोलतो, रस्त्यांना त्यांचे नाव देतो, पण ते चिनी शिकले आणि चिनी विद्यार्थ्यांना चिनीतून शिकवू लागले, या गोष्टीकडे फारसे पाहत नाही. १९४१ मध्ये त्यांच्याकडे बेथ्यून रुग्णालयाची जबाबदारी आली ती चिनी लोकांनी दिली म्हणून. भारतातून कोणी त्यांना तिथे नेमले नव्हते. त्यांनी तिथेच लग्न केले, मुलाचे नाव यिनहुआ म्हणजे 'भारत-चीन' असे ठेवले आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तिथेच वारले. ते वर्षभरातच परतले असते तर आज कोणत्याही देशाने त्यांची आठवण ठेवली नसती.

उलट दिशेचे उदाहरण माझ्या कॉलेजपासून हाकेच्या अंतरावर आहे. डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ मध्ये भारतात आले, १८९४ मध्ये त्यांनी मिरजेत रुग्णालय उघडले आणि ते जवळजवळ चार दशके इथे राहिले. त्यांच्या मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता, म्हणून त्यांना आजच्या अर्थाने स्वयंसेवक म्हणणे मला पटत नाही, आणि त्या काळातील मिशनविषयी घेतले जाणारे आक्षेप मी बाजूला सारत नाही. पण त्यांनी इथल्या तरुणांना वैद्यकाचे शिक्षण देण्याची सोय केली, आणि मिरजेला रुग्णालयांचे गाव अशी जी ओळख आहे तिची मुळे तिथपर्यंत जातात. सांगली-मिरज रस्त्यावर वानलेसवाडीचा थांबा रोज पुकारणाऱ्या कंडक्टरला तो माणूस कोण हे ठाऊक नसेल. वस्तीने परक्याचे नाव आपल्या उच्चारात बसवून घेतले आहे.

याच्या विरुद्ध टोकाचे मत विचारवंत इव्हान इलिच यांचे. १९६८ मध्ये मेक्सिकोत बोलताना त्यांनी सुटीत सेवेला निघालेल्या अमेरिकी विद्यार्थ्यांना तोंडावर सांगितले की, पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. त्यांचा राग मला कळतो. कंबोडियात काय झाले ते पाहिले तर तो अधिकच कळतो. तिथे २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या तीन चतुर्थांशांनी वाढली, आणि त्यातल्या चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील हयात होते. अनाथ वाढले नव्हते, अनाथांना भेटायला येणारे पाहुणे वाढले होते. पाहुण्यांच्या पैशांसाठी गरीब घरांतली मुले संस्थेत आणून ठेवली जात होती. माझ्या विद्यार्थ्याच्या मोबाइलवरची जाहिरात कुठल्या देशाची होती हे मी मुद्दाम लिहीत नाही, पण तिला मी 'नको' का म्हणालो ते यात आहे. तरीही इलिच यांच्याशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही. पलूसच्या म्हातारीने 'येऊ नका' म्हटले नव्हते. तिने खोरे मागितले होते आणि राहायला सांगितले होते. १९३४ च्या बिहारमधल्या भूकंपानंतर पिएर सेरेसोल हा स्विस इंजिनिअर मोजक्या सोबत्यांना घेऊन आला आणि उठलेली गावे वसवण्याच्या कामात १९३७ पर्यंत पुन्हा पुन्हा येऊन राबत राहिला. त्यालाही कोणी 'जा' म्हटले नाही.

परक्या मुलखात रुजण्याची विद्या आपल्या जिल्ह्याला नवी आहे अशातला भाग नाही. विटा, खानापूर, आटपाडी, माण, खटाव या दुष्काळी पट्ट्यातली गलाईवाली मंडळी जुने दागिने गाळून सोने-चांदी शुद्ध करण्याच्या धंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या देशभर पांगलेली आहेत. केरळात, तमिळनाडूत, बंगालमध्ये, कुठल्याही सराफकट्ट्यावर चौकशी करावी, आपल्याकडचा कोणीतरी भेटतो. नवा पोरगा गेला की तो आधी पाहुण्यांच्या दुकानात भट्टीपाशी बसतो, वर्षभर बोलत नाही, ऐकतो. मग बाजारातून आणि गिऱ्हाइकाच्या शिव्यांतून भाषा शिकतो. आणि लोक सोने हातात देतील एवढा विश्वास बसला की स्वतःची भट्टी घालतो. त्याला कोणी 'सांस्कृतिक जुळवणुकीचे प्रशिक्षण' दिलेले नसते. माझ्या भाचीला निघण्यापूर्वी जी दोन दिवसांची कार्यशाळा घ्यावी लागली, तिच्याऐवजी तिला विट्याच्या एखाद्या निवृत्त गलाईवाल्यापुढे दोन तास बसवले असते तर भांडाराच्या खोलीत ती इतकी रडली नसती, असे मला अजून वाटते.

आता सगळ्यात जोरकस आक्षेप. जतला पाणी नाही, आटपाडीत डॉक्टर टिकत नाहीत, आणि तुम्ही पोरांना आफ्रिकेत धाडता? हा प्रश्न मला माझ्या थोरल्या भावाने विचारला, तेव्हा मी गप्प बसलो, कारण त्यात तथ्य आहे. ज्याने आपल्या गावात कधी श्रमदान केले नाही, त्याने विमानात बसू नये. २०१६ च्या वॉटर कप या जलसंधारणाच्या स्पर्धेत कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने पहिला क्रमांक मिळवला तो पंचेचाळीस दिवस कुदळ मारून. तिथे ज्याने आठवडाभर तरी पाटी उचलली त्याला आपल्या कुवतीचा अंदाज आलेला असतो आणि गावात कोण कोणाशी बोलत नाही यामुळे काम कसे अडते, हेही कळलेले असते. म्हणून जाण्यापूर्वी किमान वर्षभर इथले काम ही अट मी घालीन. पण या आक्षेपातली एक गोष्ट मला मान्य नाही. आमच्या मुली नर्सिंग करून आखातात जातात, जर्मनीला जातात, तेव्हा आटपाडीची आठवण कोणाला होत नाही. पेढे वाटले जातात. पगार मिळत असेल तर परदेश चालतो आणि पगार नसेल तेव्हाच गावाची आठवण येते, हा विचार आटपाडीच्या कळवळ्यातून आलेला नाही. शिवाय दोन वर्षांनी परत येण्याची अट असलेली मुलगी परत येते. माझी भाची आज आटपाडी तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात काम करते. ती तिथे जायला तयार झाली, कारण मोजक्या हातमोज्यांत महिना काढायची तिला आता सवय आहे, असे ती हसत सांगते.

ती हे हसत सांगते, पण तिच्या परतण्याची हकीकत हसण्यासारखी नाही. निघताना तिने दोन वर्षांची बिनपगारी रजा मागितली होती. आधीच्या रुग्णालयाने तशी तरतूद नाही म्हणून राजीनामा घेतला. परत आल्यावर तिची आधीची चार वर्षे धरली गेली नाहीत आणि नव्या मुलींच्या पगारावर तिला पुन्हा सुरुवात करावी लागली. तिकडे तिला खोली आणि तिथल्या परिचारिकेइतका भत्ता मिळत होता, त्यात तिचे भागत होते, पण शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते दोन वर्षे तिच्या वडिलांनी बेदाणा विकून भरले. द्राक्षबागायतदाराच्या मुलीला हे जमले. ऊसतोड मजुराच्या मुलीला जमले नसते, आणि भाषा लवकर शिकणे, थोडक्यात भागवणे, मिळेल ते खाणे या बाबतीत ती माझ्या भाचीपेक्षा कितीतरी सरस ठरली असती.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती दिल्लीकडे नाही, आपल्याच जिल्ह्यांकडे आहे. सातारा आणि सांगली हे संस्था काढणाऱ्यांचे जिल्हे आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि ज्याच्याकडे फीला पैसे नाहीत त्यालाच 'कमवा आणि शिका' म्हणून हाताशी धरले. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था, शिक्षण संस्था, धर्मादाय रुग्णालये यांचे जाळे इथे गावोगाव आहे. या संस्थांनी आपल्या सेवानियमांत एक कलम घालावे: यजमान संस्थेने नावानिशी बोलावले असेल आणि मुदत दोन वर्षांची असेल, तर बिनपगारी रजा मिळेल आणि सेवा खंडित धरली जाणार नाही. पतसंस्थांनी तेवढ्या काळापुरते हप्ते पुढे ढकलावेत. व्याज माफ करा असे मी म्हणत नाही. यात कोणावर मोठा बोजा पडत नाही. जपानमध्ये शिक्षकाला नोकरी न सोडता असे जाता येते. पीस कोअरमधून परतलेल्याला अमेरिकी सरकार आपल्या नोकऱ्यांत वर्षभर सवलतीने प्रवेश देते. तिथल्या सरकारांना हे औदार्य म्हणून सुचलेले नाही; दोन वर्षे परक्याच्या घरी नीट राहून आलेला माणूस आपल्या उपयोगाचा असतो, हा व्यवहार त्यांना कळला आहे. आणि जी संस्था जाणाऱ्याकडूनच लाख-दीड लाख रुपये घेऊन त्याला दोन आठवडे फिरवून आणते, तिच्या प्रमाणपत्राला कॉलेजांनी प्रवेशात किंवा नोकरीत एकही गुण देऊ नये. ते पर्यटन आहे. पर्यटनात वाईट काही नाही, त्याला पर्यटन म्हणावे.

गेल्या महिन्यात भाचीच्या रुग्णालयातली एक तरुण परिचारिका माझ्याकडे आली होती. तिला मलावीतल्या एका रुग्णालयाने दोन वर्षांसाठी बोलावले आहे. तिचे वडील ऊसतोडीला जातात, कर्जाचे चौतीस हप्ते बाकी आहेत. रजेचा छापील अर्ज तिने सोबत आणला होता आणि तो माझ्या जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघांनी मिळून भरला. नाव, पद, सेवेत रुजू झाल्याची तारीख इथपर्यंत अडचण आली नाही. मग रजेचे कारण या रकान्यापाशी ती थांबली. वैद्यकीय, प्रसूती, उच्च शिक्षण, पतीची बदली, विवाह, असे पर्याय तिथे ओळीने छापलेले होते. भाचीने ते दोनदा वाचले आणि पेन तिच्या हातात परत दिले. तिने सर्वांत खालच्या 'इतर' या शब्दापुढे खूण केली आणि पुढची मोकळी जागा तिच्या वाक्याला पुरली नाही म्हणून कागद उलटा केला.